झाकणांवरचे माझ्या मुलीचे नाव काढून मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपसचिव,
नगर सुरक्षा विभाग, मंत्री कार्यालय.

विषय : गटारांच्या झाकणांवरून माझ्या मुलीचे घरातले नाव काढून मिळणेबाबत.
संदर्भ : माझा पहिला अर्ज, जो आपल्या टेबलावर येण्याआधी वर्तमानपत्रात आला.

महोदय,

सविनय सादर करते, की मी शाळेचे गणवेश शिवते. माझी मुलगी शाळेतून येताना उघड्या गटारात पडली. गल्लीतल्या लोहारकाकांनी वेणीला धरून तिला वर ओढले. ती वाचली, त्यात सर्व आले.

इस्पितळात एक गृहस्थ 'मी मुलीचा मामा' असे सांगून आत शिरले. मला भाऊ नाही. मी मुलीच्या उशाशी होते. मागे कोण उभे आहे हे पाहिलेच नाही. "भिंगरी, डोळे उघड गं," एवढेच मी म्हणत होते. सकाळी ते नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होते. चालायला शिकताना ती गोल फिरून धपकन बसायची, म्हणून ते नाव. तोवर ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

मग 'भिंगरीला न्याय कधी?' असे रोज छापून येऊ लागले, आणि मा. मंत्रिमहोदय संपादकसाहेबांसह आमच्या दारी आले. "इथे उभा राहू ना?" असे मंत्रिमहोदय विचारत, आणि संपादकसाहेब "जरा डावीकडे" म्हणाले की सरकत. मुलीला त्याच गटाराच्या काठावर उभे केले. तिची नखे माझ्या तळहातात रुतली. फोटो छान आला, असे सर्व म्हणतात.

गटारांवर झाकणे बसवण्याच्या योजनेला तिचे नाव मिळाले. आता प्रत्येक नव्या झाकणावर ते ओतीव अक्षरांत आहे. लोक त्यावर थुंकतात, दुचाकी लावतात. शाळेतली मुले त्यावर उड्या मारून "भिंगरी बुडाली" म्हणतात. झाकण दिसले की मुलगी कडेची वाट सोडून वाहनांत शिरते.

पहिल्या अर्जाबाबत आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आले, "बाई, नाव संपादकांनी सुचवलंय. तिथं आमच्या साहेबांचंच चालत नाही, माझं काय घेऊन बसलात?" म्हणून मी संपादकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, ती आता एकट्या तुमची राहिली नाही." दुसऱ्या दिवशी बातमी होती : 'भिंगरीच्या आईला हवेत पैसे?' मी काहीही मागितलेले नाही.

झाकणे काढू नयेत. ती हवीतच, दुसऱ्या कोणाचे लेकरू पडू नये. फक्त अक्षरे घासून काढावीत. माणसे कमी पडल्यास आमच्या गल्लीपुरते लोहारकाका करून देतील. हा अर्ज कृपया वर्तमानपत्रास दाखवू नये.

परवा सवयीने मी तिला त्या नावाने जेवायला बोलावले. ती दाराआड गेली आणि म्हणाली, "आई, कोण आलंय? परत काठावर उभं राहायचं?" शाळेतले नाव आमच्या जिभेवर बसत नाही. घरात आम्ही तिला नुसते 'अगं' म्हणतो. तरी लवकर निर्णय व्हावा.

आपली नम्र,
(सही)
मुलीची आई

दिनांक : पोच-शिक्क्याप्रमाणे

सोबत : झाकणावर कागद ठेवून पेन्सिलने उठवलेला नावाचा ठसा.
मुलीचा फोटो जोडलेला नाही.