चॉकलेटी रिबिनीचा राहिलेला दिवस

कळमनुरी,
जुलै २००३ (नेमकी तारीख घालत नाही, पत्र सुरू केलं त्या दिवशीची घालावी की संपेल त्या दिवशीची, हे माझं कधीच ठरत नाही.)

प्रिय सुधा,

तुला नमस्कार, भाऊजींना जरा वाकून नमस्कार, आणि तुम्हा दोघांच्या चार गुडघ्यांना माझ्या दोन गुडघ्यांची सहानुभूती. तुझा खोकला गेला का? ज्येष्ठमध तोंडात धर आणि जेवणानंतर खिडकीत बसायचं सोड. इकडे हे बरे आहेत. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून देवाच्या नैवेद्यावर यांची श्रद्धा फार वाढली आहे, एवढंच. पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. चष्मा लाव, आणि एक विनंती, शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस. कागदावर तुला ते जमणार नाही.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या नचिकेतच्या अमेरिकेतल्या ऑफिसात गोऱ्या-काळ्यांचा भेद मिटावा म्हणून शिबिर घेतलं, सगळ्यांना गोल बसवून नाही नाही ते प्रश्न विचारले, आणि कालपर्यंत एकत्र कॉफी पिणारे लोक आता एकमेकांना चुकवून दुसऱ्या जिन्याने जातात, हे वाचलं. तू विचारलंस की असल्या कवायतींनी भांडणं मिटतात की नसलेली लागतात? आणि खालच्याच ओळीत लिहिलंस, ‘माझ्या मते लागतात.’ (शाळेतही तू असंच करायचीस. म्हणून तर सिस्टर बेनेडिक्टांनी तुला प्रश्न विचारायचंच सोडून दिलं होतं.) वरची खोली भाड्याने देण्याबद्दल लिहिलंस, तिकडे मी मागाहून वळते. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कारण ती अमेरिकेची कवायत आमच्या कळमनुरीत जानेवारीतच येऊन गेली, आणि तिचं जे काही झालं ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने आमच्या शाळेत जातिभेद निवारणाचं दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. घ्यायला आली गुंजन नावाची मुलगी. केस कापलेले, खांद्याला झोळी, आणि डोळे इतके प्रामाणिक की तिला नाही म्हणणं म्हणजे पाप वाटावं. तिची कल्पना अशी: सगळ्या स्टाफने चिठ्ठ्या उचलायच्या आणि दोन रंगांच्या रिबिनी लावायच्या. पहिल्या दिवशी एका रंगाने खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने सतरंजीवर. खुर्चीवाल्यांनी अरे-तुरे करायचं, सतरंजीवाल्यांनी ‘जी मालक’ म्हणायचं, पाणी आणून द्यायचं, आणि त्यांच्या अन्नाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सगळं बदलायचं. म्हणजे दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगाला लागतं.

पहिली अडचण रंगांची. गुंजनने निळा म्हटल्याबरोबर स्टाफरूम गप्प झाली. मग भगवा निघाला, तो तर त्याहून लवकर मागे घेतला. हिरव्याचं नावही कोणी काढलं नाही. पिवळा म्हणावा तर आमचा शिपाई अंगद म्हणाला, ‘ताई, पिवळा आमच्या देवाच्या भंडाऱ्याचा हाय, त्याला सतरंजीवर न्हाई बसवायचं.’ अखेर बाजारातल्या बांगडीवाल्याकडे विचारलं की कोणत्याच जातीला नको असलेले रंग कोणते. त्याने जांभळी आणि चॉकलेटी अशी दोन बंडलं काढून दिली. ती खपतच नव्हती म्हणे.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्या दिवशी खुर्ची जांभळ्यांना. आमचे हेडमास्तर संपतराव (गावचे पाटील, घरी ट्रॅक्टर, मिशीला रोज तेल) चॉकलेटी. अंगद, ज्याच्या घरी शेरडं-मेंढरं आणि ज्याने आजवर स्टाफरूममधल्या खुर्च्या फक्त पुसल्या, तो जांभळा. कवायतीचे शिक्षक उत्तमसिंग चॉकलेटी. मी जांभळी. आणि माझ्या पद्माबाई चॉकलेटी.

पद्माबाईंबद्दल मी तुला लिहीत आले आहेच. बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढलेल्या, आमच्या शाळेत सगळ्यात चांगलं गणित शिकवणाऱ्या, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या. त्या शाळेत लागल्या तेव्हापासून आमचा एक रिवाज आहे. मधल्या सुट्टीत दोघींनी डबे बदलायचे, तेही झाकण न उघडता. आत जे असेल ते जिच्या नशिबी येईल तिने खायचं. माझ्या नशिबी येते बाजरीची भाकरी आणि त्यांचा ठेचा. त्यांच्या नशिबी माझी कोबी. (त्यांनी कधी तक्रार केली नाही. थोर बाई.)

तर सुधा, कवायत सुरू झाली आणि अर्ध्या तासात अंगदने हेडमास्तरांच्या खुर्चीत मांडी घातली. म्हणाला, ‘संपत, पाणी आण रे.’ संपतराव लालबुंद. पण नियम म्हणजे नियम, आणि पुण्याची पोरगी बघते आहे, म्हणून गेले बिचारे. दहा मिनिटांनी परत, ‘संपत, पंख्याचं बटन दाब.’ जानेवारीत! आम्ही जांभळे हसून हसून बेजार. मी तर उशी मागवून घेतली. संधिवातवाल्या बाईला दिवसभर खुर्ची मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

मधल्या सुट्टीत डबे बदलता आले नाहीत, कारण नियम. मी माझीच कोबी खाल्ली. पद्माबाई सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून जेवल्या. मात्र ‘चॉकलेटींनी जांभळ्यांना नजराणा द्यायचा’ असं एक कलम होतं, त्यात त्यांच्या ठेच्याची वाटी पुढे आली आणि गुंजनने आदर दाखवायला म्हणून दोन चमचे खाल्ला. चमचे, सुधा! आम्ही इथले लोक तो बोटाच्या टोकाने घेतो. संध्याकाळी त्या पोरीची जी अवस्था झाली ती लिहिण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जीपमध्ये आडवी घालून नांदेडला नेली. जाताना क्षीण आवाजात म्हणत होती, ‘सर, आज अदलाबदल करायची आहे...’

ती झालीच नाही. इथेच सगळी गोम आहे. चॉकलेटी म्हणाले, आमचा दिवस राहिला. जांभळे म्हणाले, ताई गेल्या, शिबिर संपलं. जांभळ्यांचा पुढारी अंगद. तो म्हणाला, ‘ताईंनी परत येऊन सांगितलं तर बराबर, न्हाई तर आमी उठून न्हाई राहिलो.’ त्याच्या नावाला शोभेल असाच पाय रोवला त्याने. मग परीक्षा आल्या आणि दिवस तसाच लोंबकळत राहिला. इतकी वर्षं आमच्याकडे जाती काय कमी होत्या, त्यात या दोन नव्या. जांभळे खिडकीपाशी, चॉकलेटी दाराशी. चहाची वर्गणी वेगळी. लग्नपत्रिकासुद्धा वेगळ्या गठ्ठ्यांनी वाटल्या गेल्या. (खरं सांगते, तुला आणि मला यात परकं काही नाही. रोझ हाऊस आणि लिली हाऊस आठव. लिलीच्या मुलींची पेन्सिल खाली पडली तरी आपण उचलून देत नसू, आणि ते हाऊस तर सिस्टरनी हजेरीच्या नंबराने पाडलेले.)

एकदा संपतराव चिडून म्हणाले, ‘या शिबिरानं शाळेचं वाटोळं केलं. आधी आपल्याकडं असलं काही नव्हतं. जातीचा विचार तरी कोणी करत होतं का?’

उत्तमसिंग, तेही तांड्यावरचेच, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. ते म्हणाले, ‘तुमी करत नव्हता सर. आमी करतच होतो. आन तुमाला एक दिस सतरंजीवर बसवलं तर अजून झोप न्हाई. आमाला विचारा की.’

संपतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि तास नसताना तासाला निघून गेले.

पण मला खरं दुःख वेगळंच होतं. शिबिरानंतर पद्माबाईंचा डबा माझ्या टेबलावर आला नाही. भांडण नाही, अबोला नाही. ‘नमस्कार सुकन्याबाई’ रोज. पण डबा स्वतःचा स्वतः उघडायचा. मी हिवाळा संपवून उन्हाळ्यापर्यंत स्वतःच्या हातचं जेवले. मला कळलं नाही काय चुकलं. शेवटी धीर करून विचारलं, तेव्हा त्या वह्या तपासता तपासता म्हणाल्या, ‘सतरंजीचं काही वाटलं न्हाई बाई, ती सवय हाय. तुमी किती लवकर बसलात खुर्चीत, त्याचं वाटलं. उशी पण मागवली.’

माझे गुडघे म्हणाले असते काहीतरी, पण गुडघ्यांना बोलता येत नाही.

निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, राहिलेला दिवस करून टाकू. संपतराव इतके खूश झाले की घरून स्वतःसाठी गादीची खुर्ची घेऊन आले. अंगदला मी एवढंच सांगितलं की हेडमास्तर जूनमध्येही हेडमास्तरच असणार आहेत. तेव्हा तो उठला. आम्ही जांभळे सतरंजीवर बसलो. म्हणजे बाकीचे बसले, मला बसवलं.

सकाळ गमतीत गेली. संपतरावांनी ‘अंग्या, पाणी आण’ हे इतक्या वेळा म्हटलं की अखेर त्यांनाच लघवीला जावं लागलं. मग पद्माबाईंनी खुर्चीतून हाक मारली, ‘सुकन्या, पाणी आण.’

इतक्या वर्षांत त्यांनी मला नुसतं सुकन्या म्हटलेलं नव्हतं. मी उठायला लागले. तुला माहीत आहे मी कशी उठते. आधी एका कुशीवर, मग हातावर, मग टेबलाचा पाय धरून, मग देवाचं नाव. पद्माबाईंचा हात आपोआप पुढे आला. पण नियम आठवून त्यांनी तो मागे घेतला आणि पदरात धरून ठेवला. मी पाणी नेलं. त्या म्हणाल्या, ‘गार न्हाई. दुसरं आण.’ मी दुसरं आणलं. तेही परत. तिसऱ्यांदा त्यांनी पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत. नुसता हातात धरून बसल्या. म्हणाल्या, ‘मला एवढंच बघायचं व्हतं बाई. कोणी उठतं का.’

मग त्यांना रडू आलं, मला आलं, आणि उत्तमसिंगांनी कारण नसताना शिट्टी वाजवली. मधल्या सुट्टीत बंद झाकणाचा डबा माझ्यापुढे सरकला. मीही माझा सरकवला. (कोबी. मला काय ठाऊक आज हे होणार!)

जेवताना त्यांनी प्रथमच सांगितलं. डी.एड.ला नांदेडला असताना खोली शोधत त्या वडिलांबरोबर घरोघर हिंडल्या होत्या. खोली दाखवायचे, भाडं ठरायचं, मग नाव विचारायचे. नाव सांगितलं, राठोड, की घरमालकिणीला आठवायचं की ही खोली तर भाच्याला दिली आहे. ‘सगळ्या नांदेडच्या बायांना भाचेच भाचे,’ म्हणाल्या, आणि हसल्या. अखेर सरकीच्या गोदामामागच्या खोलीत राहून त्या शिकल्या. इतकी वर्षं एकमेकींचं अन्न खाऊन मला हे माहीत नव्हतं, सुधा. मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी न विचारता सांगितलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. भांडण वाढतं का? हो, आधी वाढतं. दिवाळीत माळा साफ करायला काढला की घर जास्तच घाण दिसतं, ती घाण माळ्याने केलेली नसते. पण अर्धा माळा काढून निघून गेलं तर त्या घरात राहणं मुश्कील होतं. गुंजनची चूक एवढीच. आणि तीही तिची नाही, ठेच्याची.

राहता राहिलं, मनाविरुद्ध करायला लावलेल्या गोष्टीतून प्रेम येत नाही असं तू लिहिलंस ते. बोर्डिंगातला तुझा पहिला दिवस आठव. सिकंदराबादला, जेवणाच्या हॉलमध्ये, हातात ताट घेऊन तू उभी. तुझं इंग्रजी ऐकून सगळ्या हसल्या होत्या आणि कुठल्याच बाकावर कोणी सरकत नव्हतं. मी सरकले. तू आजवर समजतेस माझं मन मोठं म्हणून. अगं, सिस्टर बेनेडिक्टांनी मागून दंडाला असा चिमटा काढला होता की डोळ्यांत पाणी आलं. आपली मैत्री त्या चिमट्यापासूनची आहे.

भाऊजींना आणि नचिकेतला आशीर्वाद. (भाऊजी मोठे आहेत, त्यांना नमस्कारच, पण आशीर्वादाने नुकसान होत नाही.)

तुझीच,
सुकन्या

ता. क. : वरच्या खोलीबद्दल. ‘मुलगी शांत, अभ्यासू आणि आपल्यातली हवी,’ असं लिहिलंस. अशी एक आहे. राधिका, पद्माबाईंची लेक. तुमच्याच पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला आहे, हॉस्टेल मिळालेलं नाही. माझ्या कोबीवर वाढलेली आहे, म्हणजे शांतही आहे आणि सोशिकही. ‘आपल्यातली’ म्हणजे तुला काय हवं ते मला कळलं नाही असं नाही. माझ्यातली आहे, एवढं सांगते.

आणखी एक ता. क. : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या बाईंनी ते तुझ्या हातात दिलं त्या पद्माबाई, आणि शेजारची राधिका. त्यांना खोलीबद्दल काहीही माहीत नाही. मी फक्त म्हटलं, कॉलेजला जाताच आहात तर सुधाला पत्र आणि बरणी पोचवा. माहीत असतं तर पद्माबाई आल्याच नसत्या. त्यांनी कोणाच्या दारात खोली मागायचं केव्हाच सोडलं आहे. तू नाही म्हणालीस तर बरणी ठेवून घे, चहा दे, आणि त्या समाधानाने जातील. त्यांना काही कळणार नाही. मला कळेल. (आणि तुला भाचा नाही, हेही मला माहीत आहे.)

शेवटचा ता. क. : बरणीत ठेचा आहे. बोटाच्या टोकाने. आणि सुधा, पत्र फार लांबलं, तू सावकाश वाचतेस, आणि पद्माबाई कोणी सांगितल्याशिवाय बसत नाहीत. दोघी अजून उभ्याच असतील बघ. हा चिमटा समज.