जमादाराचे बेचाळीस दात

ती. ताईस,

नमस्कार (उभ्याउभ्याच करतो, वाकलं की तुझा जमादार कानात नाक खुपसतो). तुझे गुडघे कसे आहेत? लेक आणि नात मजेत असतील. इकडे जमादार खुशाल आहे. मी आहे.

"याच्या तोंडात सतत काहीतरी असू दे, मग तो कुणाला त्रास देत नाही," असं सांगून तू गाडीत बसलीस. ते काहीतरी म्हणजे काय, हे सांगायचं राहिलं. मला कुत्र्यांची भीती वाटते हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही (शेजारच्या कुत्र्यापुढे मला ढकलून "काही करत नाही तो" असं तूच म्हणाली होतीस. त्याने केलं होतं). तोंड रिकामं झालं की जमादार माझ्या कामाच्या टेबलाखाली येऊन बसतो आणि पोटरीकडे बघत राहतो. अशा वेळी घड्याळजीचा हात कसा स्थिर राहणार? परवा एक बारीक स्क्रू उडाला. तो शोधायला टेबलाखाली जायची माझी अजून छाती झालेली नाही.

मग कुठली वस्तू किती वेळ पुरते ते मी घड्याळ लावून पाहिलं. गाजर, अकरा सेकंद. स्टुलाचा पाय (हा मी दिला नव्हता), वीस मिनिटं. कुत्र्यांना चघळायला दुकानात मिळते ती चामड्याची गुंडाळी मात्र चाळीस मिनिटं चालली. एवढ्या वेळात मी दोन घड्याळं दुरुस्त केली. आनंदाने हे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, तर त्या ओरडल्याच. "अहो काका, ती पोटात जाऊन फुगते! तुकडा घशात अडकला तर काय कराल?" मी काय करणार, ताई? मी भिंतीला टेकून खाली बसलो. संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास मोजत होतो, आणि अधूनमधून माझा.

बाईंनी मग एक सोपी परीक्षा सांगितली. कुठलीही चघळायची वस्तू अंगठ्याच्या नखाने दाबायची. नख रुतलं तर द्यायची. नाही रुतलं तर दात मोडेल, द्यायची नाही. आता घड्याळाचं झाकण उघडण्यापुरतं नख मी जन्मभर राखलं, पण तू गेल्यापासून दहाही बोटांची नखं कुरतडून संपवली आहेत. त्यामुळे नवं हाड आणलं, तेव्हा नखाऐवजी मीच ते दाढेखाली दाबलं. कट्‌ असा आवाज आला. रुतलं, असं समजून मी निर्धास्तपणे ते जमादाराला दिलं.

तासाभराने हाडाजवळ फरशीवर एक पांढरा तुकडा दिसला. भिंग लावून पाहिलं. दात! तुझं तोंड डोळ्यासमोर आलं (त्याच्या तोंडापेक्षा ते जास्त भयंकर होतं). पुन्हा फोन केला. बाई म्हणाल्या, "तोंड उघडून मोजा. बेचाळीस असतात. आणि ते हाड आधी फेका."

ताई, मी मोजले. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, ओठांवर रामनाम. त्याच्या जबड्यात माझं मनगट होतं आणि जमादार कंटाळल्यासारखा जांभई देत होता. वर वीस, खाली बावीस. सगळे धड. दोनदा मोजले. मग तो तुकडा कुणाचा, हे काही केल्या कळेना. तेव्हा जमादाराची काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालताना पाणी प्यायलो, तर जीभ दाढेतल्या खाचेत गेली. तुकडा माझा आहे. नस काढलेली जुनी दाढ, त्यामुळे दुखलं नाही.

आणखी एक. बाईंनी शेवटी पोकळ रबरी खेळणं घ्यायला लावलं. नख असतं तर रुतलं असतं असं. त्यात उकडलेला भोपळा भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवायचा. बावन्न मिनिटं पुरतो. दाढेमुळे सध्या मीही तोच भोपळा खातो, माझा कोमट.

आणि शेवटचं. लवकर ये. दातांच्या डॉक्टरांकडे एकट्याने जायची मला भीती वाटते. जमादाराला आत घेत नाहीत. मी विचारून पाहिलं.