डावा दरवाजा

दि. ४ जानेवारी

चि. भुणभुण हिस,
दादाचा आशीर्वाद आणि डोक्यावर एक टपली. वि. वि.

घरच्या कारखान्याला किती खर्च आला म्हणून विचारलं होतंस, तर घे. सपाट सिमेंटची जमीन, वर पत्रा, दोन मोठे दिवे, कॉम्प्रेसर, गाडी अधांतरी धरायला चार लोखंडी घोड्या आणि भिंतीवर पान्यांची फळी. सगळं मिळून एका बऱ्यापैकी जुन्या गाडीच्या किमतीत बसलं. ही झाली पावतीवरची किंमत. खरी किंमत म्हणजे तुझ्या वहिनीचे फुलझाडांचे सहा वाफे, कारण जागा तेवढीच होती. गवंडी वाफे उकरत होता तेव्हा ती पायरीवर उभी. मी कान धरून तयार होतो, आता तोफ धडाडणार. तिनं गवंड्याला हलकेच विचारलं, बाग छान राखली होती हो कुणीतरी, घरच्या बाईंना विचारलंत ना?

कारखाना महाग पडला, हे मला तिथे कळलं.

गॅरेज आता भागीदार बघतो. मागच्या महिन्यात ही दार उघडं टाकून निघाली आणि दोन चौक पलीकडे एका शिंप्याच्या दुकानात सापडली. दुसऱ्याच कुणाचं तरी पोलकं मागत बसली होती. तिला एकटं ठेवणं संपलं. मग माणूस कामावर जाऊ शकत नसेल तर कामाने घरी यावं, दुसरं काय?

आणि पहिलं काम आपल्या निळीचं. अकरा वर्षं गॅरेजमागे ताडपत्रीखाली पडून होती. लग्नानंतर हिला याच गाडीतून घरी आणली, लेकीला शाळेत आम्ही दोघांनी याच गाडीतून सोडली. लेक मार्चात येते आहे, आईला स्वतःकडे न्यायचं म्हणते. माझ्याच्याने झेपत नाही असं तिचं मत. मी तिच्याशी पैज मारली आहे. निळी पहिल्यासारखी करून आईला तिच्या जागेवर बसवतो. तिनं एकदा, फक्त एकदा, मला 'अहो' म्हटलं तर ती इथून हलणार नाही. लेक बरं म्हणाली.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालतेस की खिडकीतून रस्त्याला नुसती सूचना देतेस? लोभ आहेच, पण जास्तीचा चालेल.

तुझा,
दादा


दि. १५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रच लिही असा हट्ट मी का धरला ते सांगते. फोनवर तू सरळ खोटं बोलतोस. सगळं मजेत, सगळं मजेत, आणि मागे भांडं पडल्याचा आवाज. कागदावर तुला खोटं जमत नाही, लहानपणी आजारपणाची चिठ्ठी लिहिलीस तीसुद्धा पकडली गेली होती.

वाफ्यांचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उगाच डबे पुसत बसले. असो. एक विचारू? कारखाना झाला, फळी झाली, पण वहिनी दिवसभर करते काय? गाडी खोलायला तासन्‌तास लागतात. तिच्या हाताला ते थिनर, ते ॲसिड लागणार नाही ना? खाली उतरून काम करायला खड्डा खणणार होतास, तो खणलास की काय? ती पडेल रे त्यात.

गुडघा माझ्याइतकाच कुरकुरा आहे. प्रवासाला अजून तीन महिने बंदी. आहे तोच लोभ ठेव, जास्तीच्याला आधी नीट पत्र लिही.

तुझी,
भुणभुण


दि. २ फेब्रुवारी

चि. भुणभुण हिस,
आशीर्वाद. वि. वि.

खड्डा खणलेला नाही. अडुसष्टाव्या वर्षी पाठीवर सरपटत गाडीखाली जातो आणि बाहेर येताना सगळ्या देवांना हाका मारतो. थिनर कुलपात आहे. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून ठेवली आहे, म्हणजे कुठला गेला ते लगेच दिसतं. बारा नंबरचा रोज जातो. तो रोज चमच्यांच्या खणात सापडतो, स्वच्छ धुतलेला.

वहिनी करते काय, विचारतेस ना? ती माझ्यावर देखरेख करते. माझं नाव आता 'मिस्त्री' आहे. निळीचं बॉनेट उघडलं त्या दिवशी बाहेर आली, रोज काय घेणार विचारलं, मी सांगितला तो आकडा ऐकून हसली आणि निम्म्यावर आणला. चहा मिळतो, पण बाहेरच्या माणसांसाठी ठेवलेल्या कानतुटक्या कपातून. गॅरेजमध्ये चाळीस माणसं हाताखाली वागवली, पण एवढी घासाघीस कुणी केली नव्हती.

स्टुलावर बसते आणि मालकांच्या तक्रारी सांगते. मालक सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. आले तरी हात घासून घासून धुणार, तोवर जेवण गार. एकदा समुद्र दाखवतो म्हणाले होते, वाटेत कुणाची तरी बंद पडलेली गाडी दिसली, दिवस तिच्याखालीच गेला. हे सगळं माझ्यावर कधी ओरडून सांगितलं असतं तर मी भांडलो तरी असतो. मिस्त्रीला ती हसत हसत सांगते. परवा मीही तिच्या सुरात सूर मिसळला, की तुमचे मालक जरा बेजबाबदारच दिसतात. तर अशी कडाडली! तोंड सांभाळून बोला म्हणाली, त्यांच्याएवढा कष्टाळू माणूस या गावात दाखवा. संध्याकाळचा चहा बंद. बुडाला तरी बरा वाटलेला हा पहिलाच चहा.

काम झकास चाललंय. इंजिन उतरवून धुतलं, नवे बेअरिंग घातले. अगं, माझे कान अजून तिखट आहेत. गल्लीच्या टोकाला गाडी वळली की मी आत बसून सांगतो तिचं काय दुखतंय. भागीदार आजही फोन कानाशी धरून गाडी चालू करतो आणि मी इथून रोग सांगतो. गाडीचा आवाज एकदा कानात गेला की मेल्याशिवाय बाहेर निघायचा नाही. निळी इतकी गुळगुळीत करणार आहे की चालू आहे की बंद ते विचारावं लागेल.

आता पत्र्याचं काम, मग रंग, शेवटी दरवाजे. लोभ असू दे, मिस्त्रीला पगार कमी आहे.

तुझा,
दादा


दि. १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन दोन दिवस बंदच लागतोय, म्हणून हे पत्र घाईत लिहिते आहे, दुपारच्या टपालात पडायला हवं. तुझं आधीचं पत्र परत वाचत होते आणि 'शेवटी दरवाजे' इथे अडले.

दादा, डाव्या दरवाजाला हात लावू नकोस.

तुला आठवत नसेल. तो दरवाजा कधीच नीट लागायचा नाही. वहिनी उजव्या हाताने मांडीवरची पिशवी धरायची आणि डाव्या हाताने दरवाजा. तिनं किती वेळा सांगितलं, आणि तू म्हणायचास, धर जरा, उद्या करतो. लोकांच्या गाड्या आधी. बावीस वर्षं तो उद्या आला नाही. आम्ही मागे बसून हसायचो, मिस्त्र्याच्या बायकोला दोनच हात, एक कायमचा गहाण.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहिली तेव्हा आमच्या नव्या गाडीत बसली आणि दरवाजा धरला. घर येईपर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, वहिनी, हा लागतो नीट. ती म्हणाली, ह्यांना वेळच होत नाही, सोडला की उघडतो. ऐकलंस? माझ्या यजमानांच्या गाडीत बसून ती तुझ्याबद्दल बोलत होती. तिच्या डोक्यातून काय काय गेलं असेल ते गेलं, हाताला अजून सगळं माहीत आहे. तो दरवाजा तसाच मोडका ठेव. एवढं ऐक. बाकीचा लोभ नंतर.

तुझी,
भुणभुण


दि. १७ मार्च

चि. भुणभुण हिस,
आशीर्वाद. वि. वि.

निळी तयार! रंगाऱ्याने जुन्या रंगाचा कपचा नेऊन हुबेहूब निळा जमवला. सीटवर नवं कातडं. आणि शेवटची गोष्ट म्हणजे डावा दरवाजा, तो माझ्या आयुष्याला लागलेला बट्टा होता. बिजागऱ्या नव्या, कुलूप नवं, भोवती नवं रबर. जुनं सगळं काल भंगारात दिलं. आता एका बोटाने ढकलला की जाड पुस्तक मिटावं तसा लागतो. बावीस वर्षांचं कर्ज फेडलं बघ. हिला कळेल तेव्हा म्हणेल, शेवटी केलंत का एकदाचं!

लेक परवा येते आहे. ती आली की हिला बसवतो. तुझं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. लोभाला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. २७ मार्च

चि. भुणभुण हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वीस तारखेला आलं. आम्ही एकोणीसला बसलो होतो.

लेक मागे. मी धुतलेला सदरा घातला होता, मिस्त्री वाटू नये म्हणून. हिला हात धरून आणलं. गाडी परक्यासारखी पाहिली. पण बसली ती मात्र वळून न बघता, अंधारात आपल्या खाटेवर बसावं तशी. मी गाडी सुरू केली. आणि अगं, तिचा डावा हात उठला. सरळ दरवाजावर गेला, जिथे जायचा तिथे. धरला. कोपऱ्यावरून वळलो तेव्हा तिनं तो आत ओढून घेतला. दरवाजा हलला नाही. तिनं पुन्हा ओढला. मग हात काढून घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत नसावं तशी. थोड्या वेळाने मला म्हणाली, की मिस्त्री, ही कुणाची गाडी आहे, मला घरी सोडा, हे वाट बघत असतील.

लेकीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुझं पत्र वाचून मी भंगारवाल्याकडे धावलो. माल दिला त्याच दिवशी पुढे गेला होता. आठ दिवस झाले, मी तो दरवाजा बिघडवतो आहे. बिजागरी सैल केली तर धपधप वाजतो. कुलपाची जीभ घासली तर टकटक करतो. रबर काढलं तर सगळा पत्राच थरथरतो. प्रत्येक वेळी तिला फेरी मारून आणतो. ती हात लावते आणि काढून घेते. परवा तर दोन्ही कान झाकले आणि म्हणाली, मिस्त्री, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, आमच्या ह्यांना दाखवू, त्यांना गाड्यांतलं फार कळतं.

बिघाड करायचा तरी नेमका व्हायला हवा. तो दरवाजा कसा वाजायचा, तू लिहून पाठव. तू मागे बसायचीस. लेक रविवारपर्यंत थांबली आहे. फोन हिने धुऊन ठेवल्यापासून बंदच आहे, लगेच लिही.

तुझा,
दादा


दि. ३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन वेळा डोळे मिटून त्या मागच्या सीटवर जाऊन बसले. वहिनीचा हात दिसतो. बांगड्या वर सरकवलेल्या, वळणावर बोटांची पेरं पांढरी व्हायची. खिडकीतून वारा येतो, तू रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतोस. पण आवाज आठवत नाही रे. दरवाजा वाजलाय असं काही माझ्या कानाशी नाही. तुझे कान तिखट, तूच आठव. मला उत्तर देता आलं नाही याचं फार वाईट वाटतंय. माझा सगळा लोभ या पाकिटात कोंबला आहे, तो वहिनीला दे.

तुझी,
भुणभुण


दि. ६ एप्रिल

चि. भुणभुण हिस,
आशीर्वाद. वि. वि.

लेक रविवारी आईला घेऊन गेली. तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं, तेव्हा तुला हळहळायचं कारण नाही. आपलं टपाल पहिल्यापासूनच असं.

निघताना हिने माझा हिशेब चुकता केला. पदराच्या गाठीतून एक नाणं काढून हातावर ठेवलं, काम मनापासून केलंत म्हणाली. मग निरोप सांगितला. मालक आले की सांगा, जेवण झाकून ठेवलंय, गार झालं तर माझा दोष नाही. मी सांगतो म्हटलं. लेकीच्या नव्या गाडीत बसली आणि दरवाजा धरला. गाडी वळेपर्यंत मला काचेतून तिची बोटं दिसत होती.

स्वयंपाकघरात खरंच एक ताट झाकलेलं होतं. त्यात बारा नंबरचा पाना आणि दोन चमचे.

महिनाभराने लेकीकडे जाऊन राहायचं ठरवलं आहे. तिथे काय म्हणून जाऊ ते अजून ठरत नाही. मिस्त्री म्हणूनच जावं, तिचं त्याच्याशी पटतं. तुझा गुडघा चालता झाला की तूही ये. लोभ कमी करू नकोस, आता इथे तो एकट्यालाच लागतो.

तुझा,
दादा

ता. क. आवाजाचं राहिलं. एकटा असलो की मी गॅरेजची गाडी न्यायचो, निळी बाहेर काढायचो ती फक्त हिच्यासोबत. आणि ही बसली की हात दरवाजावर. तो दरवाजा मी एकदाही ऐकलेला नाही.