एक शिंग हिरवं, एक निळं

ती. बाबा,
बंगळुरूहून वैजूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढलं, तुमाले वाचाले सोपं जाईन.

मी मजेत हाये. मेसच्या भाजीले तिखट नसते, म्हणून आईनं देल्लेला ठेचा पुरवून पुरवून खाऊन राह्यली. तिची कंबर कशी हाये?

इथच्या रस्त्यावर सध्या झाडायले पान नाही, नुसती गुलाबी फुलं हायेत. खाली त्यायचा असा सडा पडते का पाय ठेवाचं जीवावर येते. रंग पाहाची हौस तुमीच लावली. लहानपणी वावरात नेऊन जवसाचं निळं फूल दाखवलं नसतं, तं मी इथून मान खाली घालून गेली असती. लय उपकार हायेत तुमचे.

काल मैत्रिणीसंगं एका भारी हॉटेलात चहा प्याली. तिथं एक खुर्ची हिरवी, तं दुसरी निळी. मैत्रीण म्हणे, "काय डिझाइन हाये!"

मले आपला पोळा आठवला. तुमी ढवळ्या बैलाचं एक शिंग हिरवं अन् एक निळं रंगवलं, तं सारं रिठद गाव हासलं. तुमी म्हटलं, "हे नवीन फॅशन हाये, तुमाले काय समजते?" बाबा, तुमची फॅशन बंगळुरूले आता पोचली!

पण लोक हासाच्या आधी तुमी मले हळूच इचारलं होतं, "दोनी शिंगं सारखे झाले ना, बाई?"

मी सुटी टाकून येतो. पह्यले वाशिमले जाऊन तुमच्या मोतीबिंदूचं आपरेशन करू. मंग पोळ्याले पुन्हा एक शिंग हिरवं अन् एक निळंच रंगवा. पण यंदा पाहून रंगवा.

तुमची,
वैजू