दोघांच्या वाटचं चालणं

१९ नोव्हेंबर, बुधवार
डॉक्टरांकडे जाऊन आलो. यांच्या छातीत मागे कळ आली होती, त्याचे रिपोर्ट दाखवायचे होते. डॉक्टर यांना म्हणाले, आईंचं हृदय असंच होतं ना, मग अंगावर काढू नका, रोज सकाळी भरभर चाला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, तुम्हीसुद्धा, साखर वाढलीय.
मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, यांना दगदग अजिबात नको, यांच्या वाटचंही मीच चालेन. डॉक्टर हसले. हसण्यासारखं काय होतं? यांच्या वाटचा जप मी करते, यांच्या वाटचे उपास मी करते. मग चालण्यानेच काय घोडं मारलंय?
हे गप्प बसून होते. समजूतदार माणूस आहे.
हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरीच आहेत. तिथे रोज लिहीत जाईन, म्हणजे नियम राहील. महिना अर्ध्यावर आलाय. मधूनच सुरुवात केली तर काही जुळत नाही. एक तारखेपासून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बुटांची सोय झाली. सासूबाईंचे आहेत. पांढरे, कॅनव्हासचे, खोक्यासकट कपाटाच्या खालच्या कप्प्यात. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं तेव्हा यांनी हौसेने आणले होते. त्यांच्या पायांना सूज असायची, म्हणून यांनी स्वतःच्या पायाच्या मापाने घेतले. सासूबाईंनी ते एकदा घालून आरशापर्यंत चालून दाखवलं, छान आहेत म्हणाल्या, आणि काढून ठेवले. उद्यापासून जाते, म्हणाल्या. त्यानंतर रोज सकाळी खिडकीपाशी चहा घेत तेच म्हणायच्या, उद्यापासून. तसं म्हणता म्हणताच एके दिवशी खुर्चीत गेल्या. कप हातातच होता, सांडलासुद्धा नाही.
असो. वस्तू वाया जाऊ नये.

१ डिसेंबर, सोमवार
गेले! बिल्डिंगला एक फेरी घालायची ठरवली होती, अर्धी झाली. बूट होडीसारखे पुढे जातात आणि मी मागे राहते. शिवाय खालची शिवणवाली भेटली. तिच्याशी बोलले ते उभ्यानेच. बसले असते तर गोष्ट वेगळी.
घरी येऊन बूट पुसले, खोक्यात घातले, खोकं कपाटात ठेवलं. यांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, उत्तम, तुमचं-माझं दोघांचंही झालं. हे म्हणाले, मला काही जाणवलं नाही. हळूहळू जाणवेल.

२ डिसेंबर, मंगळवार
अंग आंबलंय. व्यायाम लागू पडल्याचं लक्षण. आज सुट्टी.

५ डिसेंबर, शुक्रवार
लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवलाय. खुर्चीत बसून करायचा व्यायाम, बिझी गृहिणींसाठी. म्हणजे माझ्यासाठीच. स्वयंपाक, धुणं, देवाचं, हिशोब, या रगाड्यात बाहेर पडायला कुणाला सवड आहे?
मजबूत खुर्ची हवी असं त्यात सांगितलंय. आमच्याकडे मजबूत अशी एकच आहे, खिडकीजवळची, सासूबाईंची. त्या गेल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही. मी देवाचं नाव घेऊन बसले आणि व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यातली बाई इतके हात हलवते की नुसतं बघूनच घाम आला.
हात उद्या हलवीन. खुर्ची मात्र फार आरामाची आहे. सासूबाई का उठत नसत ते कळलं.

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळी उठले तर बूट दारात.
खोक्यात नव्हते, कपाटात नव्हते. दाराशी, जोडीने, चवडे बाहेर करून. जणू कुणी आता पाय घालून निघणारच आहे.
मी विसरले असेन. पण एक तारखेनंतर मी त्यांना हातच लावलेला नाही. आणि ते ओले होते. बाहेर दव पडतं, घरात कुठलं दव?
यांना हाक मारायला गेले. हे हॉलमध्ये दिवाणावर डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपले होते. (माझ्या घोरण्याचं निमित्त करून तिथे झोपतात. घोरतात स्वतः.) उठवलं नाही. हृदयाच्या माणसाला असलं काही सांगू नये.
बूट पुसून पुन्हा कपाटात ठेवले. या गडबडीत चालणं राहिलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
पॅसेजमध्ये बामचा वास. सासूबाई गुडघ्यांना लावायच्या तोच, हिरव्या बाटलीतला. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा ग्लास, अर्धा प्यायलेला. अर्धं पाणी ठेवायची सवय त्यांचीच. किती वेळा सांगितलं असेल, सासूबाई, पाणी फुकट जातं हो. आता कुणाला सांगू?
बूट पुन्हा दारात होते. ते बघून घाईने खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीच्या पाठीवर त्यांची राखाडी शाल असते. ती हाताला गार लागली.

१५ डिसेंबर, सोमवार
नव्या आठवड्यात नवा निश्चय करून खाली उतरले. स्वतःच्या चपलाच घालून. गेटपाशीच वॉचमनने थांबवलं. म्हणाला, ताई, रागावणार नसाल तर सांगतो, मला तुमच्या आजी दिसल्या. म्हटलं, कुठे? म्हणाला, पहाटे, त्या मागच्या भिंतीच्या कडेने, राखाडी शाल डोक्यावरून घेतलेली, पांढरे बूट, तशीच बारीक बारीक पावलं. मी विचारलं, तोंड पाहिलंस का? तर म्हणाला, तोंड बघायला थांबलो असतो तर ही नोकरी कोण करतंय?
तिथूनच मागे फिरले. कशीबशी वर आले. जिना चढले, तो व्यायाम धरायला हरकत नाही.
यांना आडून आडून विचारलं, पहाटे काही ऐकू येतं का हो? हे पेपर वाचत होते. पेपरमागूनच म्हणाले, तो वॉचमन झोपेत असतो. पण मी वॉचमनचं नावसुद्धा काढलं नव्हतं! मनातलं बरोबर ओळखतात.

१८ डिसेंबर, गुरुवार
सगळा उलगडा झाला. सासूबाईंची चालायची इच्छा राहिली होती. मी ते बूट बाहेर काढले आणि ती जागी झाली. आता त्यांना शांतता मिळेपर्यंत रोज सकाळी जप. चालायचं आणि जपाचं नेमकं एकाच वेळी येतं, त्याला माझा इलाज नाही. तरी माळ ओढताना बोटं चालतातच.

२० डिसेंबर, शनिवार
हे रोडावलेत. पॅन्ट कमरेवर राहत नाही, पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. गालफडं आत गेलीत. भूक मात्र एकाएकी वाढलीय, आणि दुपारी जेवण झालं की मेल्यासारखे झोपतात. कुणीतरी आतून शोषून घेतल्यासारखं.
आज भांडी घासता घासता हात थांबला. सासूबाई चालायला आलेल्या नाहीत. त्या यांना न्यायला आल्यात. एकुलता एक मुलगा.
नळ वाहत राहिला. बराच वेळ कळलंच नाही.

२२ डिसेंबर, सोमवार
दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली माझ्या उशीखाली. यांना सांगितलं, चोऱ्या वाढल्यात. हे कुलपाकडे बघत राहिले, मग म्हणाले, रोज लावणार? म्हटलं, रोज. यांचा चेहरा पडला. माझी काळजी वाटली असणार.

२४ डिसेंबर, बुधवार
बूट जागचे हललेले नाहीत! वास नाही, ग्लास नाही. जपाला फळ आलं.
हे जरा चिडचिड करतात. काल रिकामी पिशवी घेऊन जिना चढले तर धापा टाकत होते. पण गालांवर थोडं मांस दिसतंय. मी मुद्दाम तूप सोडते.

२७ डिसेंबर, शनिवार
आधी हे लिहून ठेवते, चहा नंतर.
पहाटे उशीखाली थंड हात आला. पाठोपाठ बामचा वास. मी डोळे उघडले नाहीत. डोळे मिटूनच म्हणाले, सासूबाई, हातातल्या बांगड्या न्या, हवं तर मला न्या, पण यांना नेऊ नका.
हात थबकला. मग यांच्या आवाजात उत्तर आलं, अगं, बांगड्या राहू देत, किल्ली दे. उजाडेल आता.
दिवा लावला. समोर हे. अंगावर राखाडी शाल, पायात पांढरे बूट.
दोन तारखेपासून जात होते म्हणे! मी उठायच्या आत परत येऊन पांघरुणात. गुडघ्यांना आईचा बाम लावायचे. मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं? तर म्हणाले, डॉक्टरांच्या देखत तू माझ्या वाटचं चालणं अंगावर घेतलंस, मग मी कोणत्या तोंडाने जाऊ? म्हटलं, आणि हे बूट? म्हणाले, माझ्याच पायाचं माप आहे. नवे मागितले असते तर तू वही उघडली असतीस.
मी म्हटलं, मी इकडे भुताला घाबरून अर्धी झाले! यांनी माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मग शाल सारखी करत म्हणाले, आई रोज उद्यापासून म्हणायची, आणि मी रोज बरं म्हणायचो. एक दिवस हात धरून उठवायला हवं होतं.
किल्ली दिली. मी खिडकीतून पाहत होते. मागच्या भिंतीच्या कडेने हे चालले होते, खांदा किंचित झुकलेला, पावलं बारीक. मागून अगदी सासूबाई. हे इतके म्हातारे कधी झाले? वॉचमनची काही चूक नव्हती. हे वळून परत येईपर्यंत मी खिडकीची कडी सोडली नाही.

२९ डिसेंबर, सोमवार
डॉक्टर यांच्यावर खूश. असंच चालू ठेवा, म्हणाले. माझे आकडे बघून मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि यांना म्हणाले, आता यांच्याकडे बघा. हे माझ्याकडे नेहमीच बघतात.

३० डिसेंबर, मंगळवार
सकाळी दारात बुटांचे दोन जोड. एक सासूबाईंचा, एक नवा कोरा, निळ्या नाडीचा, माझ्या मापाचा. दोन्हींचे चवडे बाहेर. यांनी परस्पर आणला, किंमत सांगत नाहीत. मी खिडकीजवळच्या खुर्चीत चहा घेत होते. हे समोर आले आणि हात पुढे केला. म्हणाले, चल, ऊठ.
बरं वाटलं. इतक्या वर्षांत असा हात पुढे केलेला आठवत नाही. पण कप भरलेला, आणि कोरे बूट दवात मळवायचे जिवावर आलं. म्हटलं, आज तुम्ही व्हा पुढे, मी उद्यापासून.
यांचा हात तसाच राहिला. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघत होते, की कपाकडे, की खुर्चीकडे, ते कळेना. म्हटलं, अहो, काय झालं? काही नाही म्हणाले, आणि दार उघडंच टाकून खाली उतरले.
व्यायामाला जाताना माणसाने असं तोंड करू नये. अंगी लागत नाही.
चहा संपवून माझे बूट खोक्यात घातले आणि खोकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. सासूबाईंचे आता बाहेरच असतात, त्यामुळे तिथे जागा होतीच.