मागून न पाहिलेली पेटी

प्रिय एमेट,

यंदा जुन्या सामानाच्या बाजाराला तुझ्याशिवाय गेले. तेच जत्रेचं मैदान, त्याच गाड्यांच्या उघड्या डिक्या आणि तोच चिखल. आपला जाडा लाइल लांबूनच ओरडला, "काय बाई, आज एकट्याच? जोडीदार पळाला की काय?" मी म्हटलं, "पळतोय कसला! त्याच्या लेकीनं उचलून ॲरिझोनाला नेलाय." सगळे हसले. मीही हसले, पण पुढच्या दोन गाड्यांवर काय मांडलं होतं ते मला दिसलंच नाही.

लाइलकडे डेटा लॉगर होता, आपण प्रयोगशाळेत वापरायचो तसलाच, एका वेळी वीस ठिकाणचं तापमान टिपून ठेवणारा. तळघरातल्या माझ्या टेबलासाठी मला तो कधीपासून हवा होता. "चालतो का रे?" तर म्हणे, "अहो, दिवा लागतोय बघा की!" दिवा काय, भंगारातल्यालाही लागतो. आपली पद्धत ठरलेली: मी विकणाऱ्याला बोलण्यात गुंतवायचं आणि तू गुपचूप मागे जाऊन बघायचं. माझं काम मी चोख केलं. लाइलच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून नातीच्या लग्नापर्यंत सगळं ऐकलं, हसतखेळत भाव पाडला आणि पेटी घरी आणली. मागे बघायला कुणी नाही, हे डोक्यातच आलं नाही.

घरी वळवून बघते तर मागचे तिन्ही कप्पे रिकामे. ज्या कार्डांना तारा जोडायच्या, तीच कुणीतरी काढून घेतलेली. उभा जन्म ही यंत्रं तपासण्यात गेला आणि मी नुसतं खोकं उचलून आणलं! इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना. मुलाला फोन केला तर म्हणाला, "आई, परत देऊन टाक ना." त्या बाजारातलं परत घेत नाहीत, हेही त्याला समजावावं लागलं. समजावून होईपर्यंत त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढे एक कार्ड टपालानं मागवलं आणि खोलीखोलीत तार सोडली. स्वयंपाकघराच्या तापमानाची रेघ सकाळी कॉफीच्या वेळी वर चढते, बाकीच्या खोल्या दिवसभर सपाट. या घरात एकच माणूस राहतं, हे आता मोजूनही झालं. फार एकटं वाटतं रे. हॅरॉल्ड गेला, माझा संसार संपला, तरी तू दर शनिवारी यायचास, म्हणून इतके दिवस ते जाणवलं नव्हतं.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की लेकीच्या घरी वास येतो म्हणून तुला तारांचं सोल्डरिंग करू देत नाहीत, आणि तुझी सगळी यंत्रं खोक्यांत बंद आहेत. तू ते गमतीनं लिहिलंस, मला मात्र गंमत वाटली नाही. वरची मोठी खोली मी रिकामी केली आहे आणि तळघरात दुसरं टेबल लावलंय. लग्नाबिग्नाचं म्हणत नाही, या वयात कुणी हसलं तर हसू दे. पाहुणा म्हणून नको, राहायला ये. नसेल जमत तर सरळ नाही म्हण. फक्त 'बघतो' असं लिहू नकोस, एमेट, कारण मग मी रोज वाट बघत बसेन.

तुझीच,
व्हर्ना