जोर कुठल्या अक्षरावर

१० फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मी पत्रातून शिकवते त्या इटालियनच्या धड्याचा तुमचा सातवा कागद मिळाला. अहो, किती वेळा सांगू? 'तेलेफोनानो' म्हणजे 'ते फोन करतात'. तुकडे छान पाडलेत, ते-ले-फो-ना-नो, पण उच्चाराचा जोर दाखवणारी रेघ पुन्हा 'ना'खाली! एरवी जोर बहुधा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो, कबूल. पण 'ते करतात' या रूपांत तो मागे सरकतो, आणि इथे तर पार 'ले'पर्यंत जातो. छापखान्यात छत्तीस वर्षं प्रूफं तपासलेला माणूस एवढा वेंधळा कसा झाला?

बघा, समजावता समजावता दोन पानं भरली. इकडे माझ्या वर्गाच्या परीक्षा तोंडावर आल्यात. पुढचा कागद बिनचूक आला की शिकवणी संपली, हं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
ठकू

२१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाईंचं रागाचं पत्र पोचलं. गुडघा ठीक. खालचं बिऱ्हाड गेल्या आठवड्यात सोडून गेलं, जिन्यात सामसूम आहे. आठवा कागद सोबत. जिवाचं रान करूनही या खेपेस अकरा चुका झाल्या आहेत. तेव्हा शिकवणी एवढ्यात संपत नाही. सवडीने, पण सविस्तर समजावून लिही.

बाबा

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

चुका बरोबर अकरा निघाल्या. ज्याला येत नाही त्याला स्वतःच्या चुका मोजता कशा आल्या हो? मग कागद खिडकीशी धरला. प्रत्येक चुकीच्या जागी आधी योग्य रेघ मारून ती खोडलेली दिसली. बाबा, हा काय प्रकार? मी शाळा सुटल्यावर थांबून तुम्हाला समजावत होते. खूप चिडले आहे. खरं काय ते लिहा.

ठकू

१२ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पकडलास चोर. तुझी आई गेल्यापासून या घरात बोलायला कुणी नाही. दिवसदिवस माझाच आवाज माझ्या कानावर पडत नाही. फोनवर तू घाईत असतेस. शिकवणीआधी तुझं पत्र चार ओळींचं यायचं, मी बरी आहे, तब्येत सांभाळा. पहिल्या कागदात खरंच चुकलो, तर दोन पानं आली! जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचली. मग चुकतच गेलो. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला मुद्दाम चुकणं फार जड जातं गं, हात आपोआप बरोबर लिहितो. म्हणून ती खोडाखोड.

शिकवणी बंद केलीस तरी मी काही म्हणणार नाही. अजून राग उरला असेल तर तोही लिहून पाठव.

कळावे. लोभ असावा, आणि तो दोन पानी असावा.

बाबा